गोळी कोलेस्टेरॉलची, दुखणं मज्जातंतूंचं

धुळ्याच्या देवपुरातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहा. बीपीची, शुगरची आणि कोलेस्टेरॉलची अशा तीन गोळ्या मागणारी माणसं हमखास भेटतील. तिसरी बहुधा ॲटोर्व्हास्टॅटिन नाहीतर रोसुव्हास्टॅटिन असते. नाव उच्चारता येवो न येवो, 'ती रात्री जेवल्यावरची' एवढं सांगितलं की दुकानदार पाकीट काढून देतो. या औषधांच्या कुळाचं नाव स्टॅटिन. याच कुळातल्या सिम्व्हास्टॅटिनने गेली वीसेक वर्षं एका भलत्याच आजाराच्या डॉक्टरांना आशेवर ठेवलं होतं. त्या आजाराचा कोलेस्टेरॉलशी थेट संबंध नाही, हृदयाशीही नाही. त्याचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, रुग्णांच्या तोंडी नुसतं 'एमएस'. सप्टेंबर 2024 मध्ये कोपनहेगनला भरलेल्या परिषदेत या आशेचा निकाल जाहीर झाला, आणि तो 'नाही' असा आहे.

नाही म्हटलं की बातमी मरते. वर्तमानपत्रं 'आशेचा किरण' पहिल्या पानावर छापतात आणि तो विझला की एक ओळही देत नाहीत. मला मात्र हा नकार त्याआधीच्या सगळ्या होकारांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

आधी आजार समजून घेऊ. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं, वायरवरच्या प्लॅस्टिकसारखं. ते जागोजाग खरवडलं गेलं की संदेश अडखळतो, भरकटतो, कधी पोचतच नाही. कोणता तंतू उघडा पडला यावर लक्षण ठरतं. कुणाला एकाच डोळ्याने अंधूक दिसू लागतं आणि तो डोळा हलवला की दुखतो. कुणाचा कमरेखालचा भाग बधिर होतो. 'पायले मुंग्या येतस' म्हणत चार-सहा आठवडे निघून जातात, मग आपोआप बरं वाटतं, आणि वर्षभराने हात लुळा पडतो. लकवा म्हणावा तर वय अठ्ठावीस. बीपी नाही, शुगर नाही. आजार सुरू होतो तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, आणि रुग्णांत बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त. पॅरिसच्या जाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराचं चित्र नीट मांडलं. पण मेंदूतले डाग जिवंत माणसात बघायची सोय झाली ती एमआरआय आल्यावर, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी.

बहुतेक रुग्णांत आजार झटक्याझटक्याने येतो. झटका येतो, ओसरतो, मधले महिने माणूस बरा असतो. पुढे बऱ्याच जणांत, दहा-वीस वर्षांनी, त्याची चाल बदलते. झटके येईनासे होतात, पण पाय मात्र दर वर्षी थोडे थोडे जड होत जातात. याला 'दुय्यम वर्धमान' अवस्था म्हणता येईल. पहिल्या टप्प्यासाठी 1993 मध्ये इंटरफेरॉन बीटा आलं आणि त्यानंतर औषधांची रांगच लागली. भारतात कमी खर्चात मिळणारं रिटुक्सिमॅबही डॉक्टर त्यासाठी वापरतात. दुसऱ्या टप्प्यातल्या रुग्णाला मात्र कित्येक वर्षं फिजिओथेरपी आणि धीर यापलीकडे देण्यासारखं फारसं काही नव्हतं.

हा गोऱ्यांचा, थंड देशांतला आजार, ही समजूत आपल्याकडे बराच काळ होती. तिला तडा गेला तो मुंबईत. 1988 मध्ये भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि 1990 मध्ये डॉ. नोशीर वाडिया आणि भाटिया यांनी, मुंबईतल्या पारशी समाजात एमएसचे रुग्ण मोजले. वाडिया हे जे. जे. रुग्णालयात मज्जाविकार विभाग उभा करणारे डॉक्टर. दोन्ही मोजण्यांतून प्रमाण लाखामागे वीसहून अधिक निघालं. तेव्हा उरलेल्या भारतासाठी जो अंदाज धरत, तो लाखामागे एक-दोनचा. त्याच मुंबईचं पाणी, तीच हवा, तोच समुद्र, आणि तरी एवढी तफावत. शतकांपूर्वी इराणातून आलेल्या या समाजाच्या रक्तातच काहीतरी असणार, ही शंका त्यामुळे बळावली. पुढे 2014 मध्ये मंगळूरच्या डॉ. लेखा पंडित यांनी तिथल्या वस्तीत लाखामागे सुमारे 8 रुग्ण असल्याचं दाखवलं. एमआरआय यंत्रं वाढली, डॉक्टरांची नजर तयार झाली, तसे रुग्ण 'सापडू' लागले. धुळे जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेवीस लाख होती. मंगळूरचा आकडा तसाच लावला तर जिल्ह्यात दीडशेच्या वर रुग्ण निघतात. अंदाजच हा, पण आजार आपल्या गावचा नाही असं म्हणायला जागा उरत नाही.

खान्देशातल्या रुग्णाला आजाराच्या जोडीला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे ऊन. 1890 मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याच्या लक्षात आलं की एमएसच्या काही रुग्णांना व्यायाम झाल्यावर दिसेनासं होतं आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा दिसू लागतं. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने जरी वाढलं, तरी वेष्टण गेलेला तंतू संदेश नेईनासा होतो. एमआरआय नव्हतं तेव्हा काही ठिकाणी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करत! आता धुळे-जळगावचा मे महिना आठवा. पारा 43-44 वर, दुपारी दोनला पांझरा नदीच्या पुलावर चिटपाखरू नाही. अशा वेळी एमएसच्या रुग्णाचे पाय लटपटले, नजर धुरकटली, तर घरच्यांना वाटतं की आजार बळावला. तसं नसतं. अंग थंड झालं की लक्षण मागे हटतं. नवी इजा झालेली नसते. मानेवर ओला पंचा, कूलर, बाहेरची कामं सकाळी आठच्या आत, हे इथे चोचले नाहीत, औषधोपचाराचाच भाग आहे.

आता गोळीकडे वळू. स्टॅटिनचा जन्म बुरशीतून झाला. जपानमधल्या अकिता प्रांतात शेतकऱ्याच्या घरी वाढलेले अकिरा एन्डो हे सांक्यो कंपनीत संशोधक होते. 1971 पासून दोन वर्षं त्यांनी सुमारे सहा हजार बुरशी एकेक करून तपासल्या. शोध कशाचा, तर यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन रोखणाऱ्या पदार्थाचा. 1973 मध्ये तो हाती लागला. क्योतोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेली, पेनिसिलियम जातीची निळसर-हिरवी बुरशी होती ती. गंमत म्हणजे उंदरांना हा पदार्थ दिला तर कोलेस्टेरॉल ढिम्म हललं नाही. काम तिथेच संपायचं. पण मग तो कोंबड्यांना दिला गेला. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं कोलेस्टेरॉल भराभर उतरलं. पुढे मर्क कंपनीचं लोव्हास्टॅटिन 1987 मध्ये अमेरिकेत बाजारात आलं, मग सिम्व्हास्टॅटिन. 1994 मध्ये स्कँडिनेव्हियातल्या 4,444 हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालं. एन्डो जून 2024 मध्ये वारले. जगभरात कोट्यवधी लोक त्यांच्या बुरशीच्या वंशजांवर जगतात, पण त्यांचं नाव क्वचितच कुणाला माहीत असतं.

स्टॅटिन यकृतातलं एक विकर अडवतं. पण त्या विकरापासून जी साखळी सुरू होते तिच्यातून केवळ कोलेस्टेरॉल तयार होत नाही. पेशींमधली काही प्रथिनं जागेवर चिकटून काम करू शकतात ती याच साखळीतल्या उपपदार्थांमुळे, आणि त्यांत प्रतिकारशक्तीच्या पेशीही आल्या. म्हणून स्टॅटिन दाह कमी करतं, असा संशय 1990 च्या दशकातच आला होता. 1995 मध्ये हृदयारोपण झालेल्या रुग्णांना प्रॅव्हास्टॅटिन दिल्यावर नवं हृदय नाकारलं जाण्याचे गंभीर प्रसंग कमी झाले. 2000 मध्ये जिनिव्हातल्या संशोधकांनी प्रतिकारशक्तीच्या पेशींवरचा हा परिणाम प्रयोगशाळेत उलगडून दाखवला. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात इंदरजित सिंग यांच्या गटाने एमएससारखा आजार झालेल्या उंदरांना लोव्हास्टॅटिन दिलं, आणि 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या गटाने ॲटोर्व्हास्टॅटिन. उंदीर सुधारले. याच आजाराने लुळे पडलेले उंदीर आजवर कितीतरी औषधांनी चालू लागले आहेत, हे इथे नमूद केलेलं बरं.

मग माणसं. 2004 मध्ये 30 रुग्णांना सहा महिने रोज 80 मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन दिलं गेलं. एमआरआयमध्ये चमकणारे ताजे डाग 44 टक्क्यांनी घटले. मथळे झाले. पण या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. एमएसमध्ये डाग आपोआपही कमी-जास्त होतात आणि रुग्ण डॉक्टरकडे येतो तो बहुधा आजार जोरात असताना, त्यामुळे पुढचे काही महिने तो थोडाफार बरा होणारच. डेन्मार्कच्या पुढाकाराने 307 रुग्णांवर नीट चाचणी झाली. इंटरफेरॉन सगळ्यांना, वर सिम्व्हास्टॅटिन निम्म्यांना आणि निम्म्यांना नकली गोळी. 2011 मध्ये निकाल आला, फायदा शून्य. झटक्यांच्या एमएससाठी स्टॅटिनचा विषय इथेच मिटला.

एक रस्ता मात्र उघडा होता, तो ज्यांच्यासाठी काहीच नव्हतं त्या दुसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांचा. लंडनचे डॉ. जेरेमी चॅटवे यांनी 140 रुग्णांवर दोन वर्षांची चाचणी घेतली. मोजायचं काय, तर मेंदूचं आकुंचन. वयानुसार सगळ्यांचाच मेंदू किंचित आक्रसतो, पण या रुग्णांत वेगाने. नकली गोळी घेणाऱ्यांचा मेंदू वर्षाला सुमारे 0.58 टक्के आक्रसला, सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांचा 0.29 टक्के. इतर गोष्टींचा हिशेब धरून फरक 43 टक्के. 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि जगभरच्या रुग्णांत खळबळ उडाली. इतकी स्वस्त, इतकी ओळखीची गोळी! अपंगत्वाच्या मोजपट्टीवरही पाव पायरीचा फरक दिसला होता. पुढच्या एका विश्लेषणात असंही निघालं की हा परिणाम कोलेस्टेरॉल उतरण्यातून आलेला नसून दुसऱ्याच वाटेने आला असावा.

आक्षेपही होते आणि तेही तसेच वजनदार. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो. रक्तातलं तिथे जात नाही. शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त एकट्या मेंदूत असतं आणि त्यातलं बहुतेक मायलिनमध्ये. सिम्व्हास्टॅटिन मेंदूत शिरतं. मग जे वेष्टण दुरुस्त व्हायला हवं, त्याचाच कच्चा माल आपण तोडतोय की काय? उंदरांवरच्या एका प्रयोगात असं घडल्याचं दिसलंही होतं. एकाच गोळीत गुण आणि खोट दोन्ही संभवत असताना अंदाज बांधून काही साधत नाही, माणसांवर मोजावंच लागतं.

पण मोजणार कोण आणि पैसे कोण देणार? सिम्व्हास्टॅटिनचं अमेरिकेतलं पेटंट 2006 मध्येच संपलं. ज्या गोळीतून नफा नाही तिच्यावर औषध कंपनी चाचणीचा खर्च करत नाही. शेवटी ब्रिटनच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने आणि ब्रिटन-अमेरिकेतल्या एमएस संस्थांनी हात दिला. 2018 मध्ये चाचणी सुरू झाली. मध्ये कोविड येऊन गेला. 31 रुग्णालयांत 964 रुग्ण नोंदले गेले. निम्म्यांना 80 मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी नकली गोळी, तीही साडेचार वर्षांपर्यंत. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही.

या वेळी मुख्य प्रश्न मेंदूच्या आकाराचा नव्हता, माणसाचं अपंगत्व वाढतं का हा होता. ते मोजायची पट्टी कुर्ट्झके यांची, शून्यापासून दहापर्यंत. पट्टीच्या मधल्या भागात सगळा जोर चालण्यावर असतो. 4 म्हणजे कुणाच्या आधाराविना, न थांबता पाचशे मीटर चालणं. 6 म्हणजे एका काठीने शंभर मीटर. 6.5 म्हणजे दोन्ही हातांना आधार आणि तरी वीसच मीटर. 7 ला व्हीलचेअर येते. चाचणीतले रुग्ण याच 4 ते 6.5 च्या पट्ट्यातले होते. म्हणजे एकवीरा देवीच्या दर्शनाला पायी जाऊन येणारा माणूस आणि घराच्या ओट्यावरून फाटकापर्यंत जेमतेम पोचणारा माणूस, यांच्यामधलं सगळं अंतर. हातासाठी वेगळी तपासणी असते. नऊ भोकांची एक फळी, शेजारी वाटीत नऊ खुंट्या. एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, मग एकेक काढून वाटीत टाकायची, स्टॉपवॉच चालू. निरोगी माणूस वीसेक सेकंदांत उरकतो. ज्याची बोटं थरथरतात त्याच्यासाठी तीच फळी लांबच लांब होते. साडीची पिन लावणं, शर्टाची बटणं, भाकरी थापणं, हे सगळं त्या फळीत आलं.

निकाल असा. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के रुग्णांचं अपंगत्व वाढलं. नकली गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे 36 टक्क्यांचं. हा चार टक्क्यांचा फरक योगायोगाने पडू शकतो एवढाच आहे, म्हणून गोळीने नुकसान केलं असं म्हणता येत नाही. फायदा झाला नाही, हे मात्र ठामपणे म्हणता येतं.

मग दहा वर्षांपूर्वीचे ते 43 टक्के खोटे होते का? खोटे नव्हते, अपुरे होते. 140 रुग्ण ही संख्या थोडी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे मुख्य मोजणी एमआरआयच्या चित्राची होती. चित्रातली सुधारणा पायापर्यंत उतरते हे आपण गृहीत धरलं होतं. रक्तातला आकडा सुधारला म्हणजे रोगी सुधारला, ही चूक वैद्यकाने याआधीही अनेकदा केली आहे, आणि स्टॅटिनचा हृदयरोगातला मान टिकून आहे तो कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून नाही, तर 4,444 रुग्णांत माणसं प्रत्यक्ष वाचली म्हणून. एमएसच्या बाबतीत तोच कस लावला आणि गोळी उतरली नाही. कोविड, साडेचार वर्षांची वाट, सगळं सोसून या कसोटीत सामील झालेल्या 964 रुग्णांचे आभार मानायला हवेत. त्यांतल्या निम्म्यांनी तर वर्षानुवर्षं नकली गोळी गिळली.

याच कोपनहेगनच्या परिषदेत टोलेब्रुटिनिब या नव्या औषधाने, झटके थांबलेल्या अशाच रुग्णांत, अपंगत्व वाढण्याचा धोका सुमारे 31 टक्क्यांनी कमी केल्याचं जाहीर झालं. यकृताला इजा होण्याची भीती त्यात आहे, आणि औषध नवं म्हणजे किमतीचं काही बोलायलाच नको. जुन्या औषधांवरची आशाही ब्रिटनने सोडलेली नाही. 2023 मध्ये सुरू झालेल्या 'ऑक्टोपस' या चाचणीत मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि अल्फा-लिपोइक ॲसिड एकाच वेळी तपासली जात आहेत. आधी एमआरआय बघायचं. ज्या गोळीने तिथे काही दिसेल तीच पुढे न्यायची, आणि मग त्याच रुग्णांचं चालणं मोजायचं. मागच्या अनुभवातून आलेलं हे शहाणपण आहे.

मोबाईलवर अजूनही फिरणाऱ्या जुन्या मजकुरात '43 टक्के' तेवढे असतात, 2024 चा निकाल नसतो. तेव्हा खान्देशातल्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना दोन-तीन गोष्टी सांगायलाच हव्यात. एमएससाठी म्हणून सिम्व्हास्टॅटिन सुरू करू नका. 80 मिलिग्रॅम हा तसाही साधासुधा डोस नाही; स्नायू वितळण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्येच त्यावर बंधनं घातली. गजकर्णासाठी आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी इट्राकोनॅझॉलची कॅप्सूल सिम्व्हास्टॅटिनबरोबर घेतली, तर हा धोका कितीतरी वाढतो. दुसरीकडे, हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेलं स्टॅटिन चालू असेल तर ही बातमी वाचून ते बंद करू नका. तिथे त्याचा उपयोग पक्का आहे, एमएस असला तरीही.

तरुण माणसाला, त्यातही बाईला, एका डोळ्याने अचानक कमी दिसू लागलं, बधिरपणा दिवसचे दिवस टिकला, तर मालिश आणि शक्तीच्या इंजेक्शनांत महिने घालवू नका. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जळगावच्या सरकारी रुग्णालयात दाखवा, आणि मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवणी मागून घ्या. पहिल्या टप्प्यात औषधं उपयोगी पडतात, उशीर झाला की पर्याय कमी होतात. मुंबईत 1985 पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्था काम करते आहे, तिच्याशी संपर्क ठेवा. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. काठी हातात आली असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला लाजू नका.